आधी कुठली पडली?

फोन हातात घेण्याआधी मी मोठ्याने बोलते. कशासाठी घेते आहे, तेवढंच. "बा फोना, साडेपाचची बस गेली की आहे, एवढंच सांग." मग तो उघडते आणि उत्तर मिळालं की जनेलाच्या, म्हणजे खिडकीच्या, फळीवर पालथा घालते. आतून नवरा ओरडतो, "व्हय म्हाराजा!" आमच्याकडे देवळात गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, तेव्हा त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं असा होकार भरतात. नवऱ्याने पहिल्यांदा तो चेष्टेने भरला, तेव्हा मी संध्याकाळपर्यंत त्याच्याशी बोलले नव्हते. आता त्याचा होकार आला नाही तर मलाच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं.

डिचोलीत ज्या वाचनालयात मी पुस्तकं देते-घेते, तिथेही ही सवय लपत नाही. एक निवृत्त मास्तर रोज वर्तमानपत्र वाचायला येतात. त्यांनी एकदा चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, कोणाशी बोलता?" मी म्हटलं, "ह्या फोनाशी. कामाला लावायच्या आधी काम सांगते." ते म्हणाले, "आणि ऐकतो?" मला राग पटकन येतो, पण मास्तरांवर येत नाही. मी हसले आणि फोन खणात टाकला.

मन शांत कसं ठेवावं, वेळ कसा वाचवावा, असली पुस्तकं आमच्याकडे कपाटभर आहेत. लोक ती नेतात, आणतात, कोपरे दुमडून ठेवतात. मी त्यातलं एकही वाचलेलं नाही. माझी ही सवय पुस्तकातून आलेली नाही, ती एका खोट्या शब्दातून आली. तो शब्द मी देवीसमोर बोलले आणि त्याची झळ माझ्या आईला लागली. म्हणून हे लिहून ठेवते आहे.

त्याआधीची दोन-तीन वर्षं आठवायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. दुपारी वाचनालय रिकामं असायचं. डोक्यावर पंखा, बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर, खिडकीच्या गजांवर तांबडी धूळ. मी किती वाजले ते बघायला फोन उचलायची, आणि पुन्हा मान वर करायची तेव्हा गजांची सावली जमिनीवरून सरकून कपाटावर चढलेली असायची. मध्ये काय झालं ते सांगता यायचं नाही. फोनात कुणीतरी भाजी चिरत होतं, कुणीतरी जुनी घड्याळं उघडत होतं, एक बाई सुरीने साबणाच्या वड्या कापत होती. त्यातलं मला काही हवं होतं असं नाही. पण खरं सांगायचं तर त्यात गोडी होती. लहानपणी हळर्णच्या नदीत आम्ही पाठीवर तरंगायचो, कान पाण्याखाली गेले की काठावरच्या हाका दूर कुठून तरी आल्यासारख्या वाटायच्या. तसं व्हायचं. हाक मारणारं माणूस काठावर उभं आहे हे कळत असायचं, आणि तरी ओ द्यावीशी वाटायची नाही.

दिवसभर पुस्तकांत बसून मी स्वतः दहा पानं सलग वाचली नव्हती. नवरा बोलायचा, मी "हूं" म्हणायची. त्याने एकदा मुद्दाम सांगितलं, "मी आज बैल घेऊन आलोय, मागे बांधलाय." मी म्हटलं, "बरं केलंत." आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. ही गोष्ट तो अजून पाहुण्यांना सांगतो, आणि मी अजून चिडते.

त्याच सुमाराला आईचा प्रश्न निघाला. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. हळर्णच्या घरी आई एकटी. घर चांगलं, चार खोल्यांचं, मागच्या पायऱ्या उतरल्या की माड आणि माडांपलीकडे नदी. मी डिचोलीहून दर रविवारी स्कूटरने जायची. मोठा भाऊ, दादा, मुरगावच्या बंदरात कामाला. त्याची सुट्टी कधी असेल ते त्यालाही ठाऊक नसायचं. एके सकाळी आई विहिरीपाशी चक्कर येऊन बसली. पडली नाही, नुसती बसली. पण शेजारणीने दादाला कळवलं आणि दादाने ठरवून टाकलं, आईला मुरगावला आणायचं. फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, वैनी घरीच असते. त्याचं काही चुकत होतं असं नाही.

दादा आणि मी हे सगळं फोनवर लिहून बोललो. तो लांबलचक लिहायचा, मी खाली उभा अंगठा ठेवायची. आईला ह्यातलं कुणी विचारलं नाही. ती मात्र शांत होती. मोपाच्या विमानतळावर उतरणारी विमानं हल्ली घरावरून जातात. एक गेलं की हातातलं काम थांबवून ते दिसेनासं होईपर्यंत बघायची आणि पुन्हा कामाला लागायची. एका रविवारी माझ्या ताटात भात वाढता वाढता म्हणाली, "आपण देवीक विचारूया."

आमच्या भागात ह्यात नवल काही नाही. घर बांधायचं, सोयरीक जुळवायची, परगावी जायचं, तर माणसं ग्रामदेवीचा कौल घेतात. पिटकुळीचं लाल फूल असतं, त्याची पाकळी बोटाच्या नखापेक्षाही लहान. गुरव पाण्यात बुडवून एक पाकळी देवीच्या उजव्या खांद्यावर लावतो, एक डाव्या. प्रश्न देवीपुढे स्पष्ट शब्दांत ठेवतो. मग बसायचं आणि बघायचं. पाणी सुकत जातं, आणि जी पाकळी आधी गळून पडते ते देवीचं उत्तर. कधी पाच मिनिटांत पडते, कधी तास जातो. तोवर बोलायचं नाही आणि नजर हलवायची नाही. कोणी सांगत नाही, पण आम्हाला ते लहानपणापासून ठाऊक असतं.

कार्तिक संपत आला होता. सकाळी नदीवर धुकं होतं, ते आम्ही देवळात पोचलो तरी पुरतं उठलं नव्हतं. गाभाऱ्यात समईचा उजेड, काळ्या दगडाची देवी, ओल्या फुलांचा वास. गर्दी नव्हती. आम्ही दोघी आणि गुरव. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, दुसऱ्यावर अजून पडदा होता. ती पुढे बसली, मी तिच्या मागे खांबाला टेकून. बसता बसता म्हणाली, "मिया डोळे मिटून बसतंय. तू नीट बघ गो, बाय."

गुरवांनी गाऱ्हाणं घातलं. "माये, तुझी लेकरां आज तुझ्या पायाकडे इली हत. ह्या माउलेन झिलाकडे जावचा काय आपल्या घराकडे रवाचा, ता तू सांग. जावचा असात तर उजवो कौल दी, रवाचा असात तर डावो दी." झील म्हणजे मुलगा, रवणं म्हणजे राहणं. आम्ही दोघींनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. दोघींचा आवाज देवळात फारच लहान वाटला. गुरव थोडा वेळ हात जोडून उभे राहिले, मग समईत तेल कमी आहे असं पुटपुटत बाजूच्या खोलीत गेले. जाताना मला म्हणाले, "बाई, लक्ष ठेवा."

मी लक्ष ठेवलं. खरंच ठेवलं. दोन लाल ठिपके, एक इकडे, एक तिकडे. समईची ज्योत हलली की दोन्ही हलल्यासारखे वाटायचे. बाहेर भारद्वाज घुमत होता. दगडाचा गारवा पाठीत शिरत होता. इतकी शांतता मला कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती, आणि सांगायला लाज वाटते, पण ती मला सोसवेना. हात आपोआप पर्समध्ये गेला. देवळात फोन बंद ठेवा अशी पाटी होती. मी आवाज बंद केला होता आणि मला तेवढं पुरेसं वाटत होतं.

दादाचा निरोप होता. "काय झालं?" मी लिहिलं, "अजून नाही." एवढंच काम होतं. एवढं करून फोन आत ठेवला असता तर आज मी हे लिहीत बसले नसते. पण अंगठा पुढे सरकला. एक माणूस गालिचा धूत होता. आधी चिखलाने काळाकुट्ट झालेला, मग त्याने पाण्याचा जोरदार फवारा मारला, फेस पसरला, ब्रश फिरवला, आणि खालून हळूहळू निळा रंग वर यायला लागला. निळ्यात पिवळी फुलं होती. आणखी एक कोपरा राहिला होता. तो कोपरा बघून फोन ठेवू, असं मनात आलं.

पावलं वाजली तेव्हा मी फोन मांडीखाली सारला आणि वर बघितलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर काही नव्हतं. दोन्ही पाकळ्या खाली, पायांपाशी.

गुरव तेलाची बुधली घेऊन उभे होते. त्यांनी पाकळ्या बघितल्या आणि माझ्याकडे वळले. "आधी खयची पडली, बाई?"

मला माहीत नव्हतं. एवढं सोपं वाक्य होतं. "मी बघितलं नाही." पुन्हा पाकळ्या लावल्या असत्या, पुन्हा बसलो असतो. पण आई माझ्यापुढे बसली होती, तिची पाठ ताठ होती, आणि तिने मला नीट बघ म्हणून सांगितलं होतं. माझ्या तोंडून गेलं, "उजवी." का उजवी? सवयीने. शुभ ते उजवं, असंच आमच्या जिभेवर असतं. आई हलली नाही. थोड्या वेळाने तिने वाकून नमस्कार केला, गुरवांनी दिलेलं फूल कपाळाला लावून पदराच्या टोकाला बांधलं आणि म्हणाली, "बरा तर. जावया."

पंधरा दिवसांत ती मुरगावला गेली. दादा आणि वैनी गाडी घेऊन आले. आईने लोणच्याच्या बरण्या घेतल्या, कोयता घेतला, तो वैनीने हसत परत ठेवला. मी गाडीपाशी उभी होते. देवीचा कौल म्हटल्यावर शेजाऱ्यांनीही काही म्हटलं नाही. देवीनेच पाठवलं म्हणून सगळ्यांना समाधान होतं.

त्यानंतर मी फोनाशी भांडायला लागले. आधी तो तांदळाच्या डब्यात ठेवला, तर दिवसातून दहा वेळा तांदळात हात. मग फोनातली सगळी अ‍ॅप पुसून टाकली आणि चार दिवसांत सगळी परत घेतली. नवऱ्याला म्हटलं, तुमच्याकडे ठेवा. त्याने ठेवला, आणि मी त्याच्यावरच डाफरले. तो बिचारा म्हणाला, "मी काय तुझा पोलीस?" त्याचं बरोबर होतं.

मग एकदा वाचनालयात बसले असताना मला गुरवांचं गाऱ्हाणं आठवलं. गुरव देवीसमोर नुसता उभा राहून काहीतरी सांग असं म्हणत नाही. कोण आलंय, काय विचारायचंय, हे असेल तर असं आणि ते असेल तर तसं, सगळं आधी तोंडाने बोलतो. मी मात्र दिवसातून पन्नास वेळा फोनापुढे काही न विचारता उभी राहत होते. त्या दिवशी मी पहिल्यांदा मोठ्याने बोलले. "दादाला विचारायचंय, आईने गोळी घेतली का." विचारलं, उत्तर आलं, फोन ठेवला. नंतर कितीतरी वेळा उचलला, तोंड उघडलं आणि बोलायला काही सापडेना. तेव्हा तो तसाच खाली ठेवावा लागायचा. रिकाम्या हाताने बसताना चमत्कारिक वाटायचं. जमायला दोन महिने लागले, आणि अजूनही एखाद्या दिवशी घसरते.

रविवारी मी हळर्णला जातच राहिले. घर बंद होतं, जनेलं उघडायची, तुळशीला पाणी घालायचं, केर काढायचा. फोन स्कूटरच्या डिकीत ठेवायची. काम झालं की मागच्या पायऱ्यांवर बसायची. पहिले काही रविवार मी तिथे नुसती कंटाळले. मग कधीतरी कंटाळा संपला. नदी वाहताना आवाज करत नाही असं मला वाटायचं, तर करते. माडाच्या मुळाशी पाणी चाटल्यासारखा. दुपारी वारा पडला की पाण्यावर माडांची सावली अशी स्थिर व्हायची, की झाडं वर आहेत की खाली ते क्षणभर कळायचं नाही. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हैस धुवायचं, त्याचं पाणी उडालेलं आधी दिसायचं आणि आवाज मागून यायचा. चैत्रात काजूच्या बोंडांचा आंबूस वास सगळ्या वाडीवर पसरला, आणि मला झोप येत नसताना स्वप्नात असल्यासारखं वाटायला लागलं. आईने हे सगळं रोज बघितलं होतं, इथेच बसून. आणि मी तिला इथून उठवलं होतं.

अशाच एका रविवारी मी डिकी उघडली, मोठ्याने म्हटलं, "आईला नदी दाखवायची," आणि तिला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे नेहमीसारखं तिचं अर्धं कपाळ आणि वर फिरणारा पंखा. फोन कसा धरायचा ते तिला कधीच जमलं नाही. मी फोन नदीकडे वळवला. सावकाश, पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत, मग माड, मग पलीकडचा काठ. ती काही बोलेना. मला वाटलं, संपर्क तुटला. मग तिचा आवाज आला, "पुरे गो. बंद कर." तो आवाज मी ओळखला. बाबांना घरातून नेताना ती अशीच बोलली होती. मी फोन ठेवला आणि पायऱ्यांवर बसून रडले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात रजा टाकली आणि मुरगावला गेले. डिचोली, पणजी, वास्को, बसमागून बस. फोन घरी फळीवरच ठेवला होता. नवऱ्याला म्हटलं, आज काम फोनाचं नाही. त्याने ह्या वेळी चेष्टा केली नाही.

दादा कामावर होता. वैनीने चहा आणि पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, पोळी आणून ठेवली, आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघितलं आणि बाजारात जाऊन येते म्हणाली. आई बाल्कनीत कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसली होती. समोर समुद्र, दूर नांगरलेली जहाजं, इतकी स्थिर की कुणीतरी भिंतीवर काढून ठेवल्यासारखी. ती बारीक झाली होती. मी तिच्या पायांपाशी जमिनीवर बसले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

"आई, त्या दिवशी देवळात मी बघत नव्हते. आधी कुठली पाकळी पडली ते मला माहीत नाही. मी खोटं सांगितलं."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. जहाजांकडेच बघत होती.

"मिया बघलंय," ती म्हणाली. "डावी पडली आधी."

मला वाटलं, मी ऐकलं ते बरोबर नाही. "तू तर डोळे मिटून बसली होतीस."

"जीव रवात काय मिटून? मिया उघडून बघलंय. डावी पडली. बऱ्याच वेळान उजवी पडली. डावी पडली तेव्हा माका इतक्या बरा वाटला, बाय. म्हटलां, देवीन आयकला माझा. मगे गुरवांनी इचारला, आणि तू म्हणालंस उजवी."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुका खोटा पाडू? देवीच्या समोर, गुरवांच्या समोर?" तिने पदर सारखा केला. "आणि माका वाटला, चेडवान बघलां असतला. बघून उजवी म्हणता, म्हणजे तिच्या पण मनात आसा, आवशीन झिलाकडे जावचा. दर आयतवारी येवचा लागता इतक्या लांब. तुका पण तुझो संसार आसा. मग देवीन डावी दिली म्हणान काय झाला? पोरांक नको, थय रवान काय करू?"

आवस म्हणजे आई, चेडू म्हणजे मुलगी. म्हणजे मी. पाच महिने माझी आई ह्या बाल्कनीत, मी तिला नको आहे असं समजून बसली होती. मी इतके दिवस घाबरत होते ते देवीला. देवीपुढे खोटं बोलले, त्याचं काय होईल ह्याला. आईने त्या खोट्याचा असा अर्थ लावला असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, आणि कुणावर ते कळेना.

"माझ्या मनात तसं काही नव्हतं, आई."

"मग काय होता?"

"काहीच नव्हतं."

"कायच ना?"

"काहीच नाही. मी फोन बघत होते."

ती आता माझ्याकडे वळली. रागावलेली दिसत नव्हती. खरोखरच समजून घ्यायचं असल्यासारखं तिने विचारलं, "काय बघीत होतंस?"

"एक माणूस गालिचा धूत होता."

"कोणाचो गालिचो?"

"माहीत नाही."

"खयचो माणूस?"

"ते पण माहीत नाही, आई."

खाली कुठेतरी जहाजाचा भोंगा वाजला आणि विरून गेला. मला तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिचे गुडघे धरले. कातडी सैल, हाड हाताला लागत होतं. मी म्हटलं, "आई, घरी चल. दादाला मी सांगते. एक बाई दिवसभर सोबतीला बघू. मी रविवारी येते, ते मला यायचं असतं म्हणून येते. तू नसलीस तर मी तिथे नुसता केर काढते."

तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि उजेडाकडे वळवलं. चांगल्या डोळ्याने नीट दिसावं म्हणून ती मान किंचित वाकडी करते, तशी केली.

"ह्या आता बघून सांगतंस?"

"तुझ्याकडे बघून सांगते."

तिने हात सोडले, नाक पुसलं, आणि कदेलाच्या हातावर जोर देऊन उठली. मग वैनी घरात नाही हे विसरून आतल्या बाजूला हाक मारली, आपली बॅग कुठल्या कपाटावर ठेवली आहे म्हणून.